चायना ग्रासचं एअरोजेल: घरच्या फ्रीजरमध्ये, सावकाश

नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची एक पुडी असते. आपण ती काढून फेकतो. त्यातले खडे एकेकाळी जेलीसारखे मऊ होते. पाण्याने भरलेली सिलिकाची ती जेली नेहमीसारखी उष्णता देऊन वाळवली, की आक्रसत जाते आणि शेवटी काचेसारखे टणक खडे उरतात. तीच जेली न आक्रसता वाळवता आली, तर जे हाती येतं त्याला एअरोजेल म्हणतात. आकार जेलीचाच, पण पाण्याच्या जागी हवा.

अमेरिकेतल्या सॅम्युअल किस्लर यांनी हे पहिल्यांदा साधलं आणि १९३१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पुढे नासाच्या ‘स्टारडस्ट’ यानाने २००४ च्या जानेवारीत वाइल्ड-२ धूमकेतूजवळून जाताना त्याची धूळ सिलिका एअरोजेलच्या विटांमध्येच पकडली. २००६ मध्ये ती पृथ्वीवर आली. त्या निळसर, धुरकट विटेचे फोटो पाहून ‘हे घरी करता येईल का’ असा प्रश्न अनेकांना पडतो. मलाही पडला होता.

तशी पारदर्शक सिलिका वीट घरी करू नये. का, ते शेवटी सांगतो. पण किस्लर यांनी सिलिकाखेरीज जिलेटिन, अगर, सेल्युलोज, अंड्याचा पांढरा भाग यांचीही एअरोजेलं केली होती. त्यातलं अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. किराणा दुकानात मिळतं, विषारी नाही, आणि जेल व्हायला अर्धा तास पुरतो. या लेखात त्याचीच कृती आहे. वाळवण्याची पद्धत किस्लरपेक्षा वेगळी: जेल गोठवायचं आणि त्यातला बर्फ वितळू न देता थेट वाफ करून काढायचा. काटेकोर बोलणारे याला क्रायोजेल म्हणतात, कारण बर्फाच्या स्फटिकांमुळे यातली छिद्रं मायक्रोमीटरच्या मापाची होतात, नॅनोमीटरच्या नव्हे. म्हणून ते निळसर पारदर्शक न होता शुभ्र होतं. तरीही साधारण ९८ टक्के हवा असलेली घन वस्तू आपण स्वतः केलेली असते.

आधी जेल नुसतं वाळवून पाहा

ही पायरी कुणी टाळू नये. चायना ग्रासची एक चकती करा, ताटलीत ठेवा, पंखा लावा आणि दोन दिवस विसरून जा. उन्हात घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या वाळताना कशा आक्रसतात, ते आठवा. चकतीचं तसंच होतं, पण कितीतरी अधिक. बोटभर जाड चकतीचा शेवटी प्लास्टिकच्या कागदासारखा पातळ पापुद्रा उरतो.

याला कारण पाण्याचा पृष्ठताण. जेल म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यांची जाळी आणि त्या जाळीत अडकलेलं पाणी. खरवसाच्या वडीत दुधातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात, तसंच इथे अगरचे धागे धरतात. पाणी उडू लागलं की प्रत्येक छिद्रात त्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो आणि भिंतींना आत खेचतो. छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर धरली, तर हे खेचणं वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४० पट भरतं. कुठलीही नाजूक जाळी ते सोसू शकत नाही.

म्हणजे खरा अडथळा द्रव आणि वाफ यांच्या मधला तो पृष्ठभाग. तो होऊच द्यायचा नाही. किस्लर यांनी जेलमधल्या पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं आणि बंद भांड्यात क्रांतिक बिंदूच्या पलीकडे तापवलं. तिथे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, मग पृष्ठताण कुठून येणार? पाणीच थेट तापवलं असतं तर तितक्या तप्त पाण्यात सिलिकाच विरघळू लागली असती. आपला मार्ग दुसऱ्या बाजूने जातो. पाण्याचा बर्फ केला की द्रव राहत नाही, आणि बर्फातून सरळ वाफ होते. शाळेत आपण याला संप्लवन म्हणायला शिकलो.

जपानमध्ये अगरला ‘कांतेन’ म्हणतात. तिथल्या डोंगराळ भागात अगरची जेली हिवाळ्यात उघड्यावर ठेवतात. रात्री गोठते, दिवसा वितळून पाणी गळतं, असं अनेक दिवस चालतं आणि शेवटी हलक्या, सच्छिद्र पट्ट्या उरतात. वाण्याकडे मिळणाऱ्या चायना ग्रासच्या पट्ट्या हाताळून पाहा, त्या खूप हलक्या आणि पोकळ लागतात. आपण करणार ते त्याच जातीचं काम, फक्त मधलं वितळणं टाळायचं आहे.

सामान

अगर पावडर घ्या, पट्ट्या नकोत. पट्ट्या पूर्ण विरघळायला फार वेळ लागतो. पाणी डिस्टिल्ड, नाहीतर निदान आरओचं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हवाच, कारण तयार चकती पाव ग्रॅमचीही नसेल. साचे म्हणून ४० मिमी आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या ८ मिमी उंचीच्या कड्या कापून घ्या. प्लंबिंगच्या दुकानात पाइपचा उरलेला तुकडा मिळून जातो. अशा एका कडीत बरोबर १० मिली जेल मावतं, त्यामुळे पुढचे हिशेब तोंडी होतात.

वाळवण्यासाठी निर्जल कॅल्शियम क्लोराइड लागेल. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘फ्यूज्ड’ म्हणून मागा. कपाटातली ओल शोषायला पावसाळ्यात ज्या डब्या मिळतात त्यांतही हेच असतं, पण ते बहुधा आधीच बरंच पाणी प्यालेलं असतं.

याशिवाय व्हॅक्यूम चेंबर आणि पंप. रेझिनचं काम करणारे बुडबुडे काढायला वापरतात तो दोन-तीन लिटरचा स्टीलचा चेंबर, जाड अॅक्रिलिकचं झाकण आणि सिलिकॉनची गॅस्केट असलेला, उत्तम. पंप एसी दुरुस्तीवाले वापरतात तोच, पण दोन टप्प्यांचा. एक-दोन दिवसांसाठी ओळखीच्या मेकॅनिककडून मागून आणला तरी चालतो.

इथे काटकसर करू नका. बरणी, काचेचा डबा, उरलेली कढई यांचा चेंबर करायचा नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर निर्वातामुळे सुमारे ३२० किलो वजनाइतका भार येतो. साधी काच त्याखाली फुटली तर तुकडे आधी आत आणि मग सगळीकडे उडतात. झाकणावर चरा किंवा तडा दिसला तर ते वापरू नका. पंप सुरू असताना डोळ्यांना चष्मा हवा, आणि मुलं मदतीला असली तर त्यांनाही.

जेल

१०० मिली थंड पाण्यात २ ग्रॅम अगर टाकून दहा मिनिटं भिजू द्या, मग ढवळत उकळा. उकळी आल्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं. द्रावण एकजीव दिसलं पाहिजे. चमचा वर धरल्यावर कण दिसत असतील तर आणखी उकळा. उडालेल्या पाण्याची भर घाला. फेस चमच्याने काढून टाका, कारण प्रत्येक बुडबुडा पुढे भोक होऊन राहतो.

साखर, मीठ, दूध, रंग काहीही घालायचं नाही. हे चवीसाठी सांगत नाही. साखरेचं पाणी फ्रीजरमध्येही पूर्ण गोठत नाही. बर्फाच्या मधे चिकट पाकाचे पापुद्रे द्रवरूपच राहतात. नंतर तिथेच पृष्ठताण परत येतो आणि चकती बसते.

कड्या अॅल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यावर ठेवून फॉइल खालून घट्ट दुमडा. द्रावण ६० अंशांच्या आसपास आलं की ओता. अगर ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान थिजतं आणि नंतर ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही, म्हणून मुंबईच्या मे महिन्यातही टेबलावर थिजतं. तासाभराने प्रत्येक कडीचं वजन करून वहीत लिहा. रिकाम्या कडीचं वजन आधीच लिहिलेलं असावं. मग कड्या फ्रिजमध्ये दोन तास गार होऊ द्या.

गोठवणं

माझ्या पहिल्या चकत्या थेट फ्रीजरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. वाळल्यावर त्या जुन्या वहीच्या पानांसारख्या थराथरांनी सुटल्या. बर्फ सावकाश वाढला की त्याचे मोठे, चपटे स्फटिक होतात आणि अगरचे धागे बाजूला ढकलून भिंती करतात. वाळल्यावर त्याच भिंती उरतात. लवकर गोठवलं की असंख्य बारीक स्फटिक होतात आणि छिद्रंही बारीक राहतात. चकती कशी होणार, हे जवळपास इथेच ठरतं.

घरी लवकर गोठवायची जुनी युक्ती आपल्याला माहीत आहे: पॉट आइस्क्रीम. फोडलेला बर्फ तीन भाग, जाडं मीठ एक भाग, वजनाने. हे मिश्रण उणे १८ ते २० अंशांपर्यंत जातं. मीठ-पाण्याची सैद्धांतिक मर्यादा उणे २१ अंश. खोल परातीत हे मिश्रण भरून त्यात अॅल्युमिनियमचं सपाट ताट असं दाबून बसवा की तळ सगळीकडे टेकेल. दहा मिनिटांनी ताट पुरेसं गार झालं की कड्या फॉइलसह त्यावर ठेवा आणि वरून थर्मोकोलचा तुकडा झाका.

थंडी फक्त खालून येते, त्यामुळे बर्फाचे स्फटिक खालून वर खांबांसारखे वाढतात. पंधरा-वीस मिनिटांत जेलचा पारदर्शकपणा जाऊन पांढरेपणा खालून वर चढताना दिसतो. कडीच्या काठाशी डोळा नेऊन ही रेषा जरूर पाहा, चकतीच्या आतली रचना तेव्हा तुमच्यासमोर घडत असते.

ड्राय आइस मिळत असेल तर ताट त्यावर ठेवा. उणे ७८ अंशांमुळे छिद्रं आणखी बारीक होतात. पण हातात जाड मोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात आणि ड्राय आइस बंद डब्यात कधीच ठेवायचा नाही.

गोठलेल्या कड्या फ्रीजरमध्ये हलवा. फ्रीजर उणे १८ अंश किंवा त्याखाली आहे याची थर्मामीटरने खात्री करा. रात्रभर तिथेच राहू द्या.

वाळवणं

दरम्यान रिकामा चेंबर तपासून घ्या. पंपाने हवा काढा, व्हॉल्व्ह बंद करा आणि चेंबरवरच्या निर्वात दाखवणाऱ्या गेजचा काटा रात्रभर हलतो का ते पाहा. काटा ७६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जात नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका. पुण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, हवेचाच दाब ७१० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तेव्हा काटा तिथेच थांबणार.

काट्यापेक्षा चांगली कसोटी म्हणजे पाण्याचे चार-पाच थेंब एका झाकणात ठेवून पंप सुरू करणं. ते आधी उकळतात आणि मग उकळता उकळताच गोठतात. असं झालं म्हणजे आतला दाब ६ मिलिबारच्या खाली गेला. हा प्रयोग मुलांना दाखवाच. नंतर पंप थोडा वेळ नुसता चालवा, म्हणजे तेलात गेलेली वाफ निघून जाईल. तेल दुधाळ दिसलं तर बदला.

आता मुख्य काम. चेंबर आणि चकत्या ठेवायची स्टीलची जाळी आधी तासभर फ्रीजरमध्ये गार करून घ्या. तळाशी पसरट डबीत कॅल्शियम क्लोराइड घाला, निदान जेलमधल्या पाण्याच्या पाचपट वजनाचं. पाच चकत्या म्हणजे ५० ग्रॅम पाणी, तर क्लोराइड २५० ग्रॅम. त्यावर दोन सेंटिमीटर जागा सोडून ही जाळी ठेवा. चकत्यांचं फॉइल सोलून कडीसकट जाळीवर मांडा, म्हणजे दोन्ही बाजू उघड्या राहतील. हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत व्हायला हवं. चकतीचा काठ ओला चमकला तर तो भाग नंतर पापुद्रा होणार, हे नक्की.

हवा काढा, व्हॉल्व्ह बंद करा, नळी सोडवा आणि अख्खा चेंबर फ्रीजरमध्ये ठेवा. पंप सतत चालवायची गरज नाही. पंपाचं काम वाटेतली हवा काढणं. बर्फातून सुटलेली वाफ क्लोराइड ओढून घेतं. सकाळ-संध्याकाळ चेंबर बाहेर काढून दोन-तीन मिनिटं पंप लावा आणि लगेच परत ठेवा.

एक ग्रॅम बर्फाची थेट वाफ व्हायला सुमारे २.८ किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती फ्रीजरच्या थंड हवेतून, चेंबरच्या भिंतींमधून सावकाश येते. म्हणून घाई होत नाही. या आकाराच्या चकत्यांना तीन ते चार दिवस धरा. मधे उघडून पाहण्याचा मोह होतो. उघडलं तर दमट हवा आत शिरते आणि चकतीवर दव जमतं.

चौथ्या दिवशी चेंबर फ्रीजरबाहेर काढा, पण उघडू नका. पुन्हा हवा काढून खोलीच्या तापमानाला रात्रभर राहू द्या. धाग्यांना चिकटलेलं शेवटचं पाणी आता निघतं, आणि भांडं गार नसल्याने उघडताना दव धरत नाही. सकाळी व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. हवा एकदम आत घुसली तर चकत्या पिसांसारख्या उडून झाकणावर आपटतात.

वजन करा. २ टक्के जेलच्या १० मिली चकतीत घन पदार्थ ०.२ ग्रॅमच असतो. कडीचं वजन वजा जाता ०.२० ते ०.२३ आलं तर चकती कोरडी आहे. ०.४ आलं तर आत अजून पाणी आहे: परत गोठवू नका, ती चकती वेगळी काढा आणि पुढच्या खेपेला एक दिवस वाढवा. माप घेऊन घनताही काढा. सगळ्या बाजूंनी पाच टक्के आक्रसली असेल तर घनता २३ मिलिग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास येते. पॅकिंगच्या थर्मोकोलची साधारण १५ ते २० असते, हवेची १.२. पुढच्या खेपेला अगर १ टक्का घ्या. चकती थर्मोकोलहून हलकी होईल, पण हाताळायला फार नाजूक.

पंप नसेल तर? ३ मिमी जाडीच्या चकत्या करा, हवाबंद डब्यात क्लोराइडवर जाळी ठेवून फ्रीजरमध्येच ठेवा आणि महिना-दीड महिना वाट पाहा. क्लोराइड ओलसर दिसू लागलं की बदला. यात हवेतून वाफेला वाट काढावी लागते, म्हणून वेळ लागतो, पण चकत्या होतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी हीच पद्धत सुचवेन.

चकती हातात आल्यावर

कडी बाजूने हलकेच दाबली की चकती सुटते. कापायची असेल तर नवं ब्लेड घ्या आणि एकाच ओढीत कापा. करवतीसारखं मागेपुढे केलं तर कडा चुरगळतात. कापलेली बाजू भिंगाखाली पाहा. खालून वर गेलेले बर्फाचे खांब जिथे होते तिथे आता पोकळ नळ्या दिसतात.

उष्णतारोधन पाहायचं तर बर्फावर ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत चकती ठेवून वर बोट टेकवा, शेजारी दुसरं बोट थेट ताटलीवर. फरक लगेच कळतो. मात्र हे थर्मोकोलच्या जवळपासचं रोधन आहे, सिलिका एअरोजेलचं नव्हे. हवेचा रेणू दुसऱ्या रेणूला धडकण्याआधी साधारण ७० नॅनोमीटर प्रवास करतो. सिलिका एअरोजेलची छिद्रं त्याहून लहान असल्याने आतल्या हवेलाही उष्णता नीट वाहून नेता येत नाही. आपली छिद्रं त्या मानाने प्रचंड आहेत. गॅसच्या ज्योतीवर एअरोजेल आणि त्यावर फूल ठेवलेले ते प्रसिद्ध फोटो चकतीवर करून पाहू नका, अगर जळतं.

सिलिकाचं घरी का नको

सिलिका जेल करण्यासाठी वापरतात त्या टेट्रामिथॉक्सिसिलेनची वाफ डोळ्यांच्या बुबुळाला कायमची इजा करू शकते. वाळवायला कार्बन डायऑक्साइड वापरला तर त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आणि सुमारे ७४ बार. म्हणजे गाडीच्या टायरच्या तीसपट दाब घरातल्या भांड्यात. मेथॅनॉल वापरलं तर २४० अंश आणि ८१ बार. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या एका एअरोजेल कारखान्यात मेथॅनॉलची गळती होऊन स्फोट झाला होता. साध्या दाबाला वाळवायच्या पद्धतींत हेक्झेन आणि क्लोरोसिलेन लागतात. एक पटकन पेटतं, दुसऱ्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ येते. या कामाला फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफ बाहेर ओढणारं प्रयोगशाळेतलं कपाट, आणि सोबत जाणकार माणूस लागतो.

ज्यांना ही ओढ लागेल त्यांना दूर जावं लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ए. वेंकटेश्वर राव यांच्या गटाने सिलिका एअरोजेलवर बरीच वर्षं काम केलं. मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेनपासून त्यांनी केलेली एअरोजेलं वाकतात आणि पाण्याला दूर ठेवतात. एरवी सिलिका एअरोजेल बिस्किटासारखं तुटतं, म्हणून हे विशेष. बी.एस्सी.ला असलेल्या मुलांनी हे शोधनिबंध वाचावेत. चकती स्वतः वाळवलेली असेल तर त्यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल.

साठवण

अगरची चकती हवेतली ओल शोषते आणि ओलावली की हळूहळू बसते. हवाबंद डबीत ठेवा आणि सोबत बुटांच्या खोक्यातली ती सिलिका जेलची पुडी टाका. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर हा प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. वापरलेलं कॅल्शियम क्लोराइड ओव्हनमध्ये २५० अंशांवर तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. त्याचा ट्रे स्वयंपाकाला वापरू नका. चकती खायची नाही, ती पंपाच्या तेलाच्या वाफेजवळ राहिलेली असते.

एक चकती मात्र डबीत न ठेवता टेबलावर उघडी राहू द्या आणि रोज ठरलेल्या वेळी तिचं वजन वहीत लिहा.